कुत्रं-मांजर घेऊन परदेशी जाताय? तिकडचा डॉक्टर परवडायचा तर तयारी गावातूनच

सुरंगी :
रत्नागिरी-सिंधुदुर्गातून जर्मनी, आयर्लंड, इंग्लंड, दुबईला जाणारी मंडळी हल्ली घरचं कुत्रं किंवा मांजरही सोबत नेतात. मग तिकडून निरोप येतो, "इथे डॉक्टर फार महाग आहे, स्वस्तातला कुणी सुचवा." स्वस्तातले मार्ग आहेत, ते खाली येतीलच. पण तिकडचं बिल फुगतं ते मुख्यतः दोन कारणांनी. इथे निम्म्याहून कमी पैशांत उरकली असती अशी कामं तिथे करावी लागतात, आणि इथले कागद धड नसल्यामुळे झालेल्या तपासण्या पुन्हा होतात. म्हणून आधी निघण्यापूर्वीचं बघू.

युरोपीय संघ आणि ब्रिटन या दोघांच्या लेखी भारत रेबीजच्या बाबतीत मान्य केलेल्या देशांच्या यादीबाहेरचा आहे, त्यामुळे क्रम ठरलेला आहे. आधी चिप (कातडीखाली बसवायची ओळखीची मायक्रोचिप), मग रेबीजची लस, मग रक्त, मग वाट बघणं. चिप आयएसओ ११७८४/११७८५ मानकाची, १५ अंकी. लस चिपच्या दिवशी किंवा नंतर दिलेली हवी. आधीची लस कितीही नियमित असली तरी चिपच्या आधीची असेल तर ती धरत नाहीत. लसीनंतर किमान ३० दिवसांनी टायटरसाठी, म्हणजे रेबीजविरुद्धची प्रतिपिंडं मोजायच्या तपासणीसाठी रक्त, आकडा ०.५ आययू प्रति मिली किंवा वर. आणि रक्त काढल्याच्या तारखेपासून ३ महिने पूर्ण झाल्याशिवाय प्रवेश नाही. म्हणजे जून लागताच चिप आणि लस, जुलैच्या पहिल्या आठवड्यात रक्त, तर विमान ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात. त्या वर्षीचे गणपती कुत्र्याचेही इथेच. कागदावर हे चार महिने दिसतात, प्रत्यक्षात सहा-सात धरा.

टायटर एकदा पास झालं की युरोपसाठी ते कायम चालतं, पण रेबीजचा पुढचा डोस एक दिवसही चुकता कामा नये. चुकला की सगळं पहिल्यापासून. रक्ताचा खर्च पुन्हा, तीन महिनेही पुन्हा.

जांभा :
चांगला धागा. रक्ताबद्दल भर घालतो, कारण कोकणातून नमुना पाठवताना तो वाटेतच खराब होतो.

टायटरला सीरम लागतं, नुसतं रक्त नाही. म्हणून रक्त साध्या लाल टोपणाच्या नळीत घ्यायचं. जांभळ्या टोपणाच्या नळीत गोठू न देणारं औषध असतं, ती नको. नळी अर्धा-पाऊण तास उभी ठेवून रक्त गोठू द्यायचं, मग गावातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये सेंट्रिफ्यूजवर फिरवून वरचं पिवळसर सीरम वेगळ्या नळीत काढायचं. ते एक मिलीच्या आसपास निघेल एवढं रक्त घ्या. सीरम लालसर दिसलं तर पेशी फुटल्यात, नमुना तिथेच बाद समजा आणि पुन्हा घ्या. न वेगळं केलेलं रक्त कुरिअरने घाटातून हेलकावे खात गेलं, त्यात मे महिन्याची उष्णता, की हेच होतं.

नमुना सोमवारी किंवा मंगळवारी काढा. शुक्रवारी काढलेला शनिवार-रविवार कुरिअरच्या गोदामात पडून राहतो. बर्फाच्या पिशव्या लावा, पण सीरमच्या नळीला बर्फ थेट चिकटू देऊ नका.

रक्त काढताना डॉक्टरांनी चिप रीडरने वाचून तो आकडा फॉर्मवर लिहायचा असतो. लसीच्या पुस्तिकेतून उतरवून घेतला आणि एक आकडा चुकला, तर अहवाल तुमच्या प्राण्याचा ठरत नाही. प्रयोगशाळा युरोपीय संघाच्या मान्य यादीतलीच हवी. गावातल्या लॅबचं काम फक्त सीरम वेगळं करणं.

कातळफूल :
पिल्लू चार महिन्यांचं आहे. रेबीजचा एकच डोस झालाय, चिप झाल्यावर. एवढ्यावर टायटर पास होतं का?

जांभा :
होतंही, पण पहिल्याच डोसवर लहान पिल्लं नापास होण्याची शक्यता जास्त. तीन-चार आठवड्यांनी दुसरा डोस देऊन, त्यानंतर ३० दिवस मोजून रक्त घेतलं तर आकडा चांगला येतो. महिनाभर जास्त जाईल, पण नापास झालं तर पुन्हा लस, पुन्हा ३० दिवस, पुन्हा ३ महिने. त्यापेक्षा हे बरं. आणि फार उशीरही नको, लसीनंतर महिना-दीड महिन्यात प्रतिपिंडं भरपूर असतात, मग हळूहळू उतरत जातात.

सुरंगी :
जांभादादा, नेमकं सांगितलंत. कातळफूल, रेबीजची लस १२ आठवड्यांच्या आत दिलेली असेल तर तीही चालत नाही, तारीख तपासा.

हर्णै_बंदर :
गोचिडांबद्दल कुणी बोललं नाही, आणि आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या कुत्र्याचं तिकडचं सर्वांत महाग बिल तिथूनच येतं.

आपल्याकडची तपकिरी गोचीड एर्लिकिया आणि बेबेसिया हे दोन्ही आजार पसरवते. कुत्रं इथे खेळतं-बागडतं असतं, आजार आत दबून असतो. प्रवासाचा ताण, नवं हवामान, आणि महिना-दोन महिन्यांत ताप, सुस्ती, हिरड्या पांढऱ्या, नाकातून रक्त. इंग्लंडात किंवा जर्मनीच्या उत्तरेकडे डॉक्टरला हा आजार रोज दिसत नाही. तो आधी इतर सगळ्या तपासण्या करतो, आणि प्रत्येक तपासणीचे पैसे लागतात.

म्हणून निघण्याच्या दोन-अडीच महिने आधी इथेच रक्त तपासा. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करताना प्लेटलेटचा आकडा बघा. बेबेसियासाठी स्लाइड करायची तर रक्त कानाच्या टोकाला टोचून आलेल्या थेंबाचं घ्यायला सांगा, पायाच्या शिरेतल्या रक्तापेक्षा तिथे परजीवी सापडायची शक्यता जास्त. स्लाइड स्वच्छ आली म्हणजे आजार नाहीच असं नसतं, परजीवी कमी असले तर सुटतात. शंका असेल तर पीसीआर करून घ्या. एर्लिकिया निघाला तर डॉक्सिसायक्लिन साधारण २८ दिवस चालतं, आणि दहाव्या दिवशी कुत्रं टुणटुणीत दिसलं तरी गोळ्या थांबवायच्या नसतात. बेबेसियाचे दोन प्रकार असतात. आकाराने मोठ्या बेबेसियाला इमिडोकार्बचं इंजेक्शन लागू पडतं. लहान आकाराचा, म्हणजे गिब्सोनी, चिवट असतो. त्याला अॅटोव्हाक्वोन आणि अॅझिथ्रोमायसिन जोडीने द्यावं लागतं, अॅटोव्हाक्वोन तेलकट-तुपकट खाण्यासोबत, नाहीतर ते अंगी लागत नाही. म्हणून अहवालावर नुसतं "बेबेसिया पॉझिटिव्ह" नको, कुठला तेही लिहून घ्या.

घराकडेही बघा. ही गोचीड अंडी कुत्र्याच्या अंगावर घालत नाही, खाली उतरून भिंतीच्या भेगांत घालते, एक मादी हजारोंनी. जांभ्याच्या चिऱ्यांचे सांधे, पडवीतल्या फळ्यांच्या फटी ही तिची आवडती जागा. विमानाचा पिंजरा सवयीसाठी महिनाभर पडवीत पडलेला असतो. निघायच्या आदल्या दिवशी तो उकळत्या पाण्याने धुवा, झाकणाचे स्क्रू काढून खाचा आतून घासा. आतली गादी टाकून नवी घाला.

कुत्र्यावर गोचीड शोधताना पाठ चाचपून सोडू नका. बोटांच्या बेचक्या, कानाच्या आतली घडी, पट्ट्याखालची जागा, शेपटीचं मूळ बघा.

ओली_वाट :
वरच्याला जोडून एक. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या गोचीडनाशकात परमेथ्रिन असेल तर ते मांजराला विषासारखं आहे. दोघं एका घरात असतील तर डबीवरचे घटक वाचा. पॅरासिटामॉल तर मांजराला कधीच नाही, अर्धी गोळीसुद्धा जिवावर बेतते.

सुरंगी :
हर्णै_बंदर, हा प्रतिसाद मूळ लेखात डकवायला हवा.

इथेच उरकायची बाकीची कामं : नसबंदी, दात साफ करणं, मोठी गाठ असेल तर ती काढणं. तिघांनाही भूल लागते आणि भूल म्हटलं की तिकडे बिल चढतं. जखम पूर्ण भरायला वेळ हवा, म्हणून हे टायटरच्या तीन महिन्यांच्या वाटेत बसवा. पावसाळ्यापूर्वी लेप्टोची लसही. पहिल्यांदा असेल तर दोन डोस, मध्ये दोन ते चार आठवडे.

आणि कागद. गुरांच्या दवाखान्यातली चिठ्ठी बहुधा मराठीत आणि औषधाच्या कंपनीच्या नावाने असते, ती तिकडे कुणाला कळत नाही. डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्रजीत एक पान मागा. चिपचा आकडा, जन्मतारीख किंवा अंदाजे वय, आजवरचे आजार, औषधांची मूळ नावं आणि मिलिग्रॅममधला डोस, शस्त्रक्रियांच्या तारखा, रक्ताचे अहवाल, शेवटी सही आणि पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक. लसीच्या बाटलीवरचं बॅच क्रमांकाचं स्टिकर पुस्तिकेत चिकटवलेलं असावं.

एक मात्र लक्षात घ्या. गावातल्या डॉक्टरांचा दाखला विमानासाठी पुरत नाही. निघताना मुंबईला केंद्र सरकारच्या प्राणी संगरोध व प्रमाणन सेवेच्या कार्यालयातून निर्यात दाखला घ्यावा लागतो. युरोपसाठीचं आरोग्य प्रमाणपत्र दिल्यापासून १० दिवसांच्या आत तिथे पोचायचं असतं, म्हणून ते फार आधी काढून उपयोग नाही.

दर्यावर्दी :
जर्मनीचं सांगतो, कारण तिथे दर कायद्याने ठरलेले आहेत आणि ते समजले की घासाघीस करण्याऐवजी नेमकं विचारता येतं.

पशुवैद्यांच्या फीचा तिथे सरकारी तक्ता आहे, त्याला गोट म्हणतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो नव्याने लागू झाला. डॉक्टर तक्त्यातल्या दराच्या एकपट ते तिप्पट आकारू शकतो. एकपटाच्या खाली जायची सहसा परवानगी नाही, त्यामुळे "थोडं कमी करा" म्हणून उपयोग नाही. "साधारण किती पट लावता?" हे विचारायचं. कुत्र्या-मांजराची साधी तपासणी आणि सल्ला एकपटीला २३.६२ युरो, वर १९ टक्के कर. म्हणजे २८.११. दुपटीने तेच ५६.२२, तिपटीने ८४.३२. एकाच शहरात दोन दवाखान्यांत एवढा फरक कायदेशीरपणे असू शकतो. म्हणून आजारी पडण्याआधीच दोन-तीन ठिकाणी फोन करून ठेवा. सुया, औषधं, लॅब याचे पैसे वेगळे.

आपत्कालीन वेळेचं गणित वेगळंच आहे. रोज संध्याकाळी ६ ते सकाळी ८, शुक्रवारी संध्याकाळी ६ पासून सोमवारी सकाळी ८ पर्यंत, आणि सुट्टीचे दिवस. या वेळात आपत्कालीन सेवेला किमान दुप्पट, कमाल चौपट, वर ५० युरो ठोक. म्हणजे रविवारी नुसती तपासणी झाली तरी करासकट ११५.७२ युरोच्या खाली नाही. पण एखाद्या दवाखान्याची नेहमीची वेळच संध्याकाळी ७ पर्यंत असेल तर त्या वेळात हा जादा दर लागत नाही. असा उशिरापर्यंत उघडा असणारा दवाखाना शोधून ठेवा, याचा फार उपयोग होतो.

कातळफूल :
विमा काढावा का? पूर्ण की फक्त ऑपरेशनचा?

दर्यावर्दी :
माझ्या मते तरुण, निरोगी जनावराला ऑपरेशनपुरता विमा पुरे, आणि पूर्ण विम्याचा जो वरचा हप्ता वाचतो तो दर महिन्याला वेगळा ठेवा. हाड मोडणं, पोटात अडकलेला चेंडू, गर्भाशयातला पू, हे खर्च एकदम अंगावर येतात. खाज-जुलाब बचतीतून निभावतात.

पॉलिसीत तीन जागा वाचा. एक, विमा दराच्या किती पटीपर्यंत पैसे देतो. दुपटीपर्यंतच देत असेल आणि रविवारी चौपट लागलं, तर जवळपास निम्मं बिल तुमच्या खिशातून. दोन, सुरुवातीचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे विमा काढल्यावर ज्यात दावा करता येत नाही तो काळ. तीन, वयाची अट.

ओली_वाट :
इथे मला वेगळं वाटतं. आपल्याकडून गेलेल्या कुत्र्याला पहिलं वर्ष तरी पूर्ण विमा असावा. हर्णै_बंदर यांनी लिहिलेले आजार ऑपरेशनचे नाहीत, औषधांचे आहेत.

दर्यावर्दी :
एर्लिकिया इथेच निघाला असेल तर तो आधीपासूनचा आजार धरतात आणि पूर्ण विमाही त्याचे पैसे देत नाही. इथे तपासणी स्वच्छ आली असेल तर तुमचं म्हणणं पटतं, पहिल्या वर्षाला पूर्ण घ्यावा. मात्र जुना आजार लपवून विमा काढू नका. दाव्याच्या वेळी कंपनी आधीच्या डॉक्टरांचे सगळे कागद मागते आणि विसंगती दिसली की दावा बाद.

शिवाय जर्मनीत कुत्र्याचा पालिका कर असतो. बर्लिन, हॅम्बुर्ग, लोअर सॅक्सनी यांसारख्या राज्यांत कुत्र्याने दुसऱ्याचं नुकसान केल्यास भरपाईचा विमा सक्तीचा आहे. पिटबुल, अमेरिकन स्टॅफर्डशायर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर आणि बुल टेरियर यांना देशात आणायलाच बंदी आहे.

खाडीकाठ :
ब्रिटनचं. तिथे फीचा सरकारी तक्ता नाही, दवाखाना ठरवेल ती फी. दर इतके वाढले की तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाने २०२४ मध्ये पशुवैद्यक सेवांच्या बाजाराची रीतसर चौकशी सुरू केली. पुष्कळ दवाखाने मोठ्या समूहांच्या मालकीचे आहेत, पाटी मात्र जुनीच असते. म्हणून शेजारशेजारचे दोन दवाखाने म्हणजे दोन वेगळे मालक असं धरू नका. वेबसाइटच्या तळाशी कंपनीचं नाव बघा.

धर्मादाय दवाखाने आहेत. पीडीएसए, ब्लू क्रॉस, आरएसपीसीए. आपल्या लोकांची इथेच निराशा होते. या संस्थांची स्वस्त सेवा बहुतेक सरकारी मदत घेणाऱ्या कुटुंबांसाठी असते, आणि कामाच्या किंवा विद्यार्थी व्हिसावर सार्वजनिक निधीतून मदत घ्यायला सहसा मनाईच असते. त्यामुळे त्या भरवशावर जाऊ नका.

आपल्याला लागू पडणारा मार्ग म्हणजे औषधाची चिठ्ठी. कायम चालणारं औषध असेल, थायरॉइडचं, फिटचं, सांध्यांचं, तर दवाखान्यातून न घेता लेखी चिठ्ठी मागा आणि नोंदणीकृत ऑनलाइन औषध दुकानातून मागवा. चिठ्ठीची फी लागते, म्हणून एका चिठ्ठीवर शक्य तितक्या महिन्यांचं औषध लिहून घ्या. नखं कापणं, वजन, पट्टी बदलणं यासाठी परिचारिकेची वेळ घ्या, डॉक्टरांची नको. रात्री-बेरात्री कुठे जायचं हे आपला दवाखाना सांगायला बांधील असतो, नाव नोंदवतानाच विचारून फोन भिंतीला लावा.

इंग्लंड किंवा आयर्लंडला कुत्रं नेताना फीतकृमीचं औषध पोचण्याच्या आधी २४ ते १२० तासांत डॉक्टरांनी दिलेलं आणि वेळेसकट नोंदवलेलं लागतं. घरी दिलेली गोळी चालत नाही. ब्रिटनला विमानाने प्राणी माल (कार्गो) म्हणूनच जातो, त्याचा खर्च युरोपपेक्षा बराच जास्त. मांजराला फीतकृमीची अट नाही.

दर्या_२ :
बरो धागो काढलात. दुबई आणि अमेरिकेचा पण कोणी लिवा.

सुरंगी :
थोडक्यात. दुबईला चिप, रेबीज, टायटर आणि तिकडच्या मंत्रालयाचा आयात परवाना. तिथेही प्राणी माल म्हणूनच उतरतो. उन्हाळ्यात पग, शिह त्झू, पर्शियन मांजर अशा चपट्या नाकाच्यांना बऱ्याच विमान कंपन्या घेत नाहीत.

अमेरिकेचे कुत्र्यांचे नियम १ ऑगस्ट २०२४ पासून बदलले. वय किमान ६ महिने, चिप, ऑनलाइन फॉर्म, आणि भारत रेबीजचा जास्त धोका असलेल्या यादीत असल्यामुळे ठरावीक विमानतळ आणि तिथल्या मान्यताप्राप्त केंद्राची आगाऊ नोंदणी. मान्य प्रयोगशाळेचं टायटर नसेल तर २८ दिवस विलगीकरण, तेही आपल्या खर्चाने. पोचल्यावर काउंटीच्या (तिकडच्या जिल्ह्याच्या) प्राणी विभागाची किंवा ह्युमेन सोसायटी या प्राणीकल्याण संस्थेची लसीकरण शिबिरं शोधा, रेबीज आणि नसबंदी तिथे खाजगीपेक्षा बरीच स्वस्त पडते.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला भारतातून थेट नेता येत नाही, आधी मान्य देशात काही महिने ठेवावं लागतं. तो वेगळाच धागा होईल.

कातळफूल :
खाण्याचं काय? पिल्लू भात आणि मासळीवर आहे.

ओली_वाट :
जाण्याच्या महिनाभर आधी कोरड्या खाद्याकडे वळवा, तेही तिकडे मिळणाऱ्या प्रकाराच्या. पहिल्या दोन दिवसांत चौथाई नवं, मग निम्मं, असं करत आठ-दहा दिवसांत पूर्ण. एकदम बदललं की जुलाब, आणि पोचल्या पोचल्या जुलाब म्हणजे पहिल्याच आठवड्यात डॉक्टर. मांसाचं खाद्य सामानात युरोपला नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. वैद्यकीय कारणाचं विशेष खाद्य तेवढं २ किलोपर्यंत चालतं.

पिंजऱ्याचं माप : नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, अधिक कोपरापर्यंतच्या पायाची निम्मी उंची, ही पिंजऱ्याची लांबी. खांद्यांच्या रुंदीची दुप्पट म्हणजे रुंदी. उंची म्हणजे उभं असताना डोकं किंवा कान, जे वर असेल त्याच्याही वर जागा. चपट्या नाकाच्यांना सगळ्या मापांत दहा टक्के जास्त. झोपेची गोळी नको, विमानात श्वास आणि रक्तदाब दोन्ही बिघडतात.

हर्णै_बंदर :
आणि ज्यांचं कुत्रं बारा-तेरा वर्षांचं आहे, मूत्रपिंड किंवा हृदय कमजोर आहे, त्यांनी ते आजी-आजोबांकडे ठेवायचा विचार जरूर करावा. त्यात कमीपणा नाही. मात्र नुसतं ठेवून जाऊ नका. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना एकदा दाखवून आणा, जवळचा खाजगी डॉक्टर ठरवा, औषधांचा तीन महिन्यांचा साठा करा. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा निःशुल्क क्रमांक आजींच्या फोनमध्ये भरून द्या. ते पथक मुख्यतः गुरांसाठी असतं, तरी अडीअडचणीला विचारता येतं. मोठ्या तपासण्यांसाठी शिरवळचं पशुवैद्यक महाविद्यालय किंवा मुंबईत परळचं पेटिट रुग्णालय. तिथवर गाडी कोण नेईल ते आधीच ठरलेलं असावं.

कातळफूल :
शेवटचं विचारते. जर्मनीला पोचायला कुठला वार बरा?

दर्यावर्दी :
सोमवार किंवा मंगळवार. प्रवासात काही बिघडलं तर लगेच साध्या दरात डॉक्टर मिळेल. शुक्रवारी रात्री उतरलात तर सोमवारी सकाळी आठपर्यंत सहसा सगळं आपत्कालीन दराने. पण सोमवारी पोचायचं तर मुंबईच्या दाखल्याचं काम शुक्रवारपर्यंत उरकावं लागतं, म्हणजे गावाहून बुधवारीच निघा. महामार्गाला पावसाळ्यात वेळेचा भरवसा नसतो, तेव्हा मंगळवारी. निघण्याआधी पाच-सहा तास कुत्र्याला पोटभर खायला घालू नका, घाटात उलट्या होतात. पाणी मात्र थोडं थोडं देत राहा.